रिकाम्या झोळीचं वजन

काटा आधी शून्यावर आणायचा आणि मगच पोर झोळीत घालायचं, हा काटामावशीचा एकोणीस वर्षांचा नेम होता. गावातल्या बालपोषण केंद्रातला तराजू म्हणजे आढ्याला टांगलेली थाळीएवढी गोल तबकडी, तिच्या खाली लोखंडी आकडा आणि आकड्याला लटकवलेली कापडी झोळी. रिकामी झोळी अडकवली की काटा जरासा सरकायचा. मग वरचा स्क्रू पिळून तो परत शून्यावर बसवायचा, कारण झोळीचं वजन पोराच्या नावावर चढता कामा नये. केंद्र चालवणारी ताई शिकलेली होती, ती वहीत लिहायची. पेज शिजवणं, पातेली घासणं, पोरांची नाकं पुसणं आणि काटा वाचणं मावशीकडे. तिला अक्षरं येत नव्हती, पण आकडे असे पाठ होते की पोर नुसतं उचललं तरी शंभर ग्रॅमच्या फरकानं वजन सांगायची. गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. जिभेलाही काटा होताच, त्यामुळे टोपणनाव चांगलं चिकटलं.

त्या वर्षी पेरणी झाली आणि पाऊस जो गडप झाला तो झालाच. पिकं वीतभर उगवून तिथंच थिजली. निंदायला तण नाही, म्हणजे बायकांना निंदणीचं काम नाही. मावशीचा मुलगा दूर शहरात पाया खोदायला गेला आणि सून खडीमशीनवर जायला लागली. दहा तास घमेली वाहायची, नाकातोंडात पांढरी भुकटी घेऊन परत यायची. तिची पोर चौदा महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी म्हणायला लागले, आणि वर्ष उलटलं तरी ते नाव बदलावं असं तिचं अंग काही भरलं नाही.

सुरुवातीला सून तिला खडीवर घेऊन जायची, दगडाच्या आडोशाला निजवायची, मधल्या सुट्टीत पाजायची. मग एक दिवस फाटकावर पाटी लागली. 'येथे एकही लहान मूल कामावर नाही.' मुकादमानं पोरीला आत घेऊ दिलं नाही.

"अहो, कामाला नाही आणली, पाजायला आणलीय," सून म्हणाली.

"तपासणीवाल्याला काय कळतंय पाजायला आणलीय का खडी फोडायला? आत पोर दिसलं की पाटी खोटी ठरते. ठेवून या, नाहीतर तुम्हीपण घरी बसा."

चौदा महिन्यांची पोर घण उचलून खडी फोडणार होती जणू. पाटी खरी राहिली आणि मुंगीचं दूध तुटलं. महिन्याभरात सुनेचा पान्हाच आटला. मग मावशी नातीला कडेवर घेऊनच केंद्रात यायला लागली.

तरी एक आधार होता. वजनाचं कार्ड तीन रंगांचं असे. हिरवं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे जपा, लाल म्हणजे पोर हातचं जाईल. लाल पोरांना रोज तीन पाकिटं मिळायची. बोटभर लांबीची, आत शेंगदाणा, दूध, साखर आणि औषध घोटून केलेलं गोड वाटण. मुंगी लाल होती. पाकिटाचं तोंड फाडलं की ती दोन्ही हातांनी मावशीचं मनगट धरून चोखत राही. मागच्या दोन महिन्यांत तिच्या मांडीवरची सुरकुती जरा कमी झाली होती. मावशी ती सुरकुती रोज अंगठ्यानं चाचपून बघे.

वजनाच्या दिवशी जीपमधून मॅडम उतरल्या. चाळीस केंद्रं त्यांच्या हाताखाली. त्यांनी टेबलावर नवी झोळी ठेवली. जाड ताडपत्रीची, तळाला लाकडी फळी, चार कोपऱ्यांना लोखंडी कड्या.

"जुनी झोळी आजपासून बंद. ही सगळ्या केंद्रांना दिलीय. मजबूत आहे, पोर पडायची भीती नाही."

मावशीनं ती टांगली. काटा सरसर गेला आणि आठशेवर थांबला. तिचा हात सवयीनं स्क्रूकडे गेला.

"हात लावू नका!" मॅडमनी पर्समधून लाखेची कांडी काढली, काडी ओढली आणि स्क्रूवर तांबडे थेंब पाडले. "तराजू शून्यावर लावूनच पाठवलाय. कुणी छेडछाड करू नये म्हणून आता सील."

"अहो मॅडम, पण रिकामी झोळीच आठशे दाखवतेय. पोर घालायच्या आधीच पाऊण किलोचं पोर झालं की हो!"

ताईला हसू फुटलं, तिनं वहीत डोकं घातलं. मॅडम हसल्या नाहीत.

"मावशी, शिक्षण किती झालंय तुमचं?"

मावशीनं हात पदराला पुसले.

"मग तराजू कसा लावायचा ते राहू दे. पेज करपली नाही ना, तेवढं बघा."

पोरांच्या आयांसमोर झालं हे. मावशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग मॅडम जरा गोड झाल्या. मोढा ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. जगातल्या झाडून सगळ्या देशांनी एकत्र बसून सह्या केल्यात की अमुक सालापर्यंत भूक शून्य करायची. आपला भाग यात फार मागे होता. दहा दिवसांनी बाहेरच्या देशातून पाहुणे बघायला येणार, आणि त्यांना लाल पोर एकही दिसता कामा नये. जमलं तर या केंद्राला पक्कं छप्पर मिळेल. स्वयंपाकाच्या खोलीला धुराडंसुद्धा.

धुराडं म्हटल्यावर मावशीचे डोळे आपोआप चुलीकडे गेले. एकोणीस वर्षं त्या खोलीत धूर खाऊन ते कायमचे लाल झाले होते. ते लाल कुठल्या कार्डावर नव्हते. तिनं मनाशी हिशेब केला. आकड्यानं कुणाचं पोट भरत नाही, तसं आकड्यानं कुणाचं पोट रिकामंही होत नाही. मॅडमना आठशे ग्रॅम जास्त हवेत, घ्या बापड्यांनो. आपलं काय जातंय? एवढी फटकळ बाई, पण त्या दिवशी तिनं तोंड मिटलं, आणि त्याचा राग तिला पुढे जन्मभर पुरला.

पोरं एकामागून एक झोळीत बसली. प्रत्येक जण महिन्यात अंगानं भरला होता. पिवळी हिरवी झाली, लाल पिवळी झाली. आयांचे चेहरे असे फुलले की बघत राहावं. खडीवरची सुनेची जोडीदारीण, जिचं पोर जन्मापासून लालच्या वर गेलं नव्हतं, ती तर टाळ्या पिटून हसायला लागली. "मावशी, परत वाचा! परत एकदा मोठ्यानं वाचा!" मावशीनं परत वाचलं.

शेवटी मुंगी. मावशीच्या हाताला ठाऊक होतं, सहा किलो शंभर. काटा सहा नऊशेवर थांबला.

"सहा नऊशे," मावशीनं वाचलं. ताईनं लिहिलं. पेन पिवळं होतं.

मग मॅडमनी विचारलं, "पाकिटांची खोकी कुठंयत?"

"आत आहेत. दोन भरलेली, एक उघडलेलं."

"जीपमध्ये ठेवा."

मावशीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "का हो?"

"लाल पोरांची आहेत ना ती? आता गावात लाल कुणी नाही. मग कशाला? इथं पडून राहिली तर पाहुण्यांना काय सांगणार?"

मावशी ताईकडे बघत राहिली. ताई नखं बघत राहिली. आकडे तिनंच वाचले होते, मोठ्यानं, एक तर दोनदा. ओझं उचलायचं काम मदतनिसाचं. तिनं फडक्याची चुंबळ केली, खोकं डोक्यावर घेतलं आणि तीन फेऱ्यांत तिन्ही खोकी जीपमध्ये नेऊन ठेवली. तिसऱ्या फेरीला मुंगी उंबऱ्यावर बसून हात पुढे करून रडत होती. खोक्यावरचं चित्र तिला ओळखू येत होतं.

संध्याकाळी सून घरी आली ती हात न धुताच मुलीपाशी बसली. जोडीदारणीकडून तिला वाटेतच कळलं होतं.

"आई, खरंच पिवळी झाली?"

"हं."

"आठशे ग्रॅम वाढलं म्हणे!" तिनं पोरीला उचललं, वर खाली करून बघितलं. "मला तेवढी वाटत नाही जड. पण तुम्ही वाचलं म्हणजे खरंच असणार." आणि ती हसली. खडीवर जायला लागल्यापासून ती पहिल्यांदा अशी हसली होती. गालांवरच्या भुकटीला चिरा पडल्या.

"पाकिटं बंद झाली," मावशी चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"होऊ देत की. बरी झाली तर कशाला हवीत? दुसऱ्या कुणाला मिळतील."

मावशीनं लाकूड आत सारलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सुनेचं ते हसू मोडायचं धाडस तिला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःची लाजही वाटली.

पुढचे दिवस नेहमीसारखे गेले, म्हणजे वाईट गेले. सून अंधार असताना उठायची, पाणी आणायची, पेज उकळायची, निघायची. मावशी केंद्रातली पेज वाढताना पातेल्याच्या बुडाचं घट्ट मुंगीला भरवायची. पाचव्या दिवशी मुंगीनं घट्टही तोंडातून बाहेर टाकलं. सहाव्या दिवशी जुलाब लागले. मावशीनं साखरमीठ घालून उकळलेलं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, ते वरून घातलं की खालून जायचं. मांडीवरची सुरकुती परत आली, एकीच्या दोन झाल्या. आठव्या दिवशी पोर रडायचीही थांबली. रडणारं पोर परवडतं, गप्प पोराची भीती वाटते.

नवव्या दिवशी सुनेनं खाडा केला. खडीचा ट्रक मोठ्या दवाखान्यावरून जात असे. त्याच्या मागच्या भागात, खडीच्या ढिगावर दोघी बसल्या. मुंगी मधे, फडक्यात.

मोठ्या दवाखान्यात अशा पोरांसाठी वेगळी खोली होती. वीस खाटा, आईला जेवण, पोराला दर दोन तासांनी दूध आणि ती पाकिटं. काचेच्या दारातून आतल्या चार रिकाम्या खाटा दिसत होत्या. मावशीनं त्या मोजून ठेवल्या.

डॉक्टरीण तरुण होती, दोन रात्रींची जागी असावी. तिनं मुंगीला टेबलावरच्या वजनाच्या यंत्रावर ठेवलं. पाच किलो सातशे. मग कार्ड उघडलं आणि तिचा चेहरा बदलला.

"नऊ दिवसांपूर्वी सहा नऊशे होती ही?"

"हो," सून म्हणाली.

"नऊ दिवसांत सव्वा किलो? काय करत होता तुम्ही? खायला घालत होता की नाही? कामाला जाता?"

"खडीवर."

"मग पोर कशाला जन्माला घालता? मुलगी आहे म्हणून का?"

बाहेर रांगेत वीसपंचवीस माणसं होती, सगळी ऐकत होती. सून मान खाली घालून उभी राहिली. तिच्या हातांच्या चिरांत अजून कालची भुकटी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर शेजारीच उभा होता.

"बाई, तिला बोलू नका," मावशी म्हणाली. "सहा नऊशे खोटं आहे. ती सहा शंभर होती. झोळीचे आठशे त्यात आहेत. काटा मी वाचला."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. सुनेनं मान वर केली.

मावशीनं सगळं सांगितलं. लाख, फळी, कड्या, खोकी. डॉक्टरीण ऐकून घेत होती, मधेच तिनं कपाळ दाबलं.

"मी कुठं नाही म्हणतेय? मला दिसतंय ना समोर पोर. पण ती खाट लाल कार्डावर उघडते. कॉम्प्युटरमध्ये तुमच्या गावाचा आकडा शून्य आहे. तुमच्या केंद्रातून दुरुस्ती आल्याशिवाय तो नावच घेत नाही. नाव नाही तर दूध नाही, पाकिटं नाहीत. मी तिला व्हरांड्यात ठेवून सलाईन लावते. तुम्ही कार्ड लाल करून आणा. वजनाची चिठ्ठी देते, सही करून. आणि लवकर आणा."

म्हणजे उपाशी पोर समोर, रिकाम्या खाटा समोर, आणि मधे एक शून्य.

व्हरांड्यात भिंतीपाशी फडकं अंथरलं. सिस्टरनं तीनदा टोचून चौथ्यांदा शीर पकडली. मुंगीनं तोंड वाकडं केलं, आवाज काढला नाही. सुनेनं तिचा पाय हातात धरून ठेवला. मग, मावशीकडे न बघता, तिनं विचारलं,

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी हसत होते तेव्हा?"

"हो."

"खडीवर सगळ्यांना सांगत सुटले मी. मुंगी वाढली, मुंगी वाढली." तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "तुम्ही जा, आई. कार्ड लाल झालं तरच या. नाहीतर तुमचं तोंड दाखवू नका."

लग्न होऊन आल्यापासून सुनेनं असा शब्द कधी काढला नव्हता. मावशीला राग आला नाही. कार्ड आणि चिठ्ठी पोटाशी कपड्यात खोचून ती चालत निघाली. ट्रक परतीला नसतो. बारा किलोमीटर. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, वाटेत एका चपलेचा अंगठा तुटला, तो तिनं गवताच्या काडीनं बांधला. घरी न जाता ती सरळ ताईच्या दारात उभी राहिली.

"लाल कर."

ताईनं चिठ्ठी वाचली आणि खाटेवर बसली. "मावशी, उद्या पाहुणे आहेत."

"पोर व्हरांड्यात आहे."

"उद्याचा दिवस जाऊ दे. परवा करते. आज दुरुस्ती पाठवली की मॅडमच्या मोबाईलवर घंटा वाजेल. माझी दोन पोरं शाळेत आहेत, मावशी. नवरा कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. माझी नोकरी गेली तर आम्ही काय खाणार?"

"आणि परवापर्यंत मुंगी काय खाणार?"

ताई रडायला लागली. मावशी तिचं रडणं संपेपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्र ओळखू येत नव्हतं. भिंतीला चुना लावलेला. पोरांना नवे सदरे, ते संध्याकाळी परत घ्यायचे होते म्हणून मानेमागच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढलेल्या नव्हत्या. बाहेर मोठा फलक: 'आमचे गाव, भूक शून्य.' आयांना खडीवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवून दिली होती आणि दोन ओळींत बसवलं होतं. मॅडमनी दुकानदाराचं गुबगुबीत पोर हेरून ठेवलं होतं. पाहुण्यांसमोर तेच तोलायचं, मावशीनंच तोलायचं, कारण एकोणीस वर्षं काम केलेली मदतनीस फोटोत चांगली दिसेल.

तीन गाड्या आल्या. मॅडमच्याही वरचे आमचे मोठे साहेब उतरले आणि त्यांच्यासोबत एक पांढऱ्या केसांची बाहेरच्या देशातली बाई, हातात वही, गळ्यात चष्मा. तिची भाषा कुणाला कळत नव्हती, आमची तिला कळत नव्हती, मधे साहेब. टाळ्या झाल्या. साहेब आकडे सांगत होते, बाई लिहून घेत होती.

"आता वजन," मॅडम म्हणाल्या आणि दुकानदाराचं पोर पुढे केलं.

मावशीनं झोळी आकड्याला अडकवली. पोर घेतलं नाही. बाजूला झाली. झोळी हलायची थांबली, काटा थांबला.

"बाई," मावशी म्हणाली, "हे वाचा."

बाईनं साहेबाकडे बघितलं.

"आत कुणी नाही," मावशीनं झोळीत हात घालून फिरवून दाखवला. "आत कुणी नाही आणि काटा आठशेवर आहे. आमच्या गावात वाढलंय ते एवढंच पोर. प्रत्येक कार्डावर हेच चढवलंय. माझी नात मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पडलीय, खाटा रिकाम्या आहेत आणि तिला मिळत नाहीत, कारण हे पोर तिच्या नावावर बसलंय. सांगा हिला, साहेब. मी बोलले तसंच्या तसं सांगा."

मॅडमचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. साहेब मात्र मुरलेले होते. ते हसले, बाईकडे वळले आणि तिच्या भाषेत चारपाच वाक्यं बोलले. बाईनं दोन्ही हात छातीशी नेले आणि टाळ्या वाजवायला लागली.

ताईला ती भाषा थोडी समजत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, ते म्हणाले की... झोळी रिकामी आहे, कारण आता तोलायला गावात उपाशी पोरच उरलं नाही."

खोटं बोलायचंही एक अंग असतं, पण हे म्हणजे प्रेताच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं. मावशी दोन पावलं पुढे गेली. तिनं त्या बाईचं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि तिचं बोट तबकडीच्या काचेवर नेऊन टेकवलं. काट्यावर. मग तेच बोट रिकाम्या झोळीकडे वळवलं. आकडे वाचायला कुणाची मध्यस्थी लागत नाही.

बाईनं चष्मा डोळ्यांना लावला. काटा बघितला. वाकून झोळीत बघितलं, परत काटा बघितला. टाळ्या वाजवून झालेले हात तसेच हवेत राहिले. तिला कळलं. मावशीनं तिच्या डोळ्यांत ते कळताना बघितलं. मग बाईनं साहेबाकडे बघितलं, हातातल्या वहीकडे, आणि घड्याळाकडे. वही मिटली. पुढच्या गावाला उशीर होत होता.

मावशीला साहेबाचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट त्या बाईचा आला. साहेब लबाड होताच, त्याच्याकडून काय अपेक्षा. पण हिनं वाचलं होतं. वाचून गाडीत बसली. काच वर केली.

मॅडम गाडीत चढता चढता मागे वळल्या. "उद्यापासून केंद्रात पाऊल टाकायचं नाही."

"उद्याचं उद्या," मावशी म्हणाली. "आज अजून माझा दिवस भरायचाय."

धूळ बसली. आया जागच्या उठल्या नव्हत्या. मावशीनं पेजेची लोखंडी पळी आणली, मोढ्यावर चढली आणि पळीच्या दांड्यानं स्क्रूवरच्या लाखेवर ठोका घातला. लाख टणक होती. तिसऱ्या ठोक्याला तिचे तांबडे तुकडे जमिनीवर उडाले. मावशीनं स्क्रू पिळला. काटा मागे मागे येत शून्यावर बसला.

मग जोडीदारीण उठली, तीच, टाळ्या पिटून हसलेली. तिनं पोराचा नवा सदरा काढून ओट्यावर भिरकावला.

"माझं परत तोला, मावशी."

"लाल निघेल, बाई."

"निघू दे. मला काय, मी आई आहे. मला उचलताना कळत नव्हतं होय? तुम्ही वाचलं म्हणून मी मानलं."

हे मावशीला बरोबर लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तिनं पोर झोळीत ठेवलं, वाचलं. मागे रांग लागली. ताई दारात उभी होती. तिनं एकदा रस्त्याकडे बघितलं, तिथं गाड्यांची धूळसुद्धा उरली नव्हती. मग ती आत आली, टेबलाशी बसली आणि वही उघडली.

"आधी मुंगीचं," ती म्हणाली. "चिठ्ठी द्या."

पाच सातशे. ताईनं ड्रॉवरातून लाल पेन शोधून काढलं. शाई वाळली होती. तिनं टोक जिभेला लावलं, कागदावर घासलं, परत जिभेला लावलं. तिचे ओठ लाल झाले आणि मग कार्डही झालं. शिक्का मारला. मोबाईलवर दुरुस्ती पाठवली. त्या बायकांच्या रांगेतून एकतीस पोरं तोलून झाली तेव्हा नऊ लाल होती.

मावशी बारा किलोमीटर परत चालली. दिवेलागणीला दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. सून भिंतीला टेकून तशीच बसली होती, पोरीचा पाय तसाच हातात. मुंगीचे डोळे अर्धे उघडे होते. पोट हलत होतं.

मावशीनं कार्ड पुढे केलं. सुनेला वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता. तिनं ते दिव्याखाली धरलं, बोटानं शाई चाचपली आणि तिचा बांध फुटला. मुलगी मरणाला टेकलीय असं शिक्क्यासकट लिहिलेला कागद छातीशी धरून ती आनंदानं रडत होती.

"लाल आहे ना, आई? नक्की लाल आहे ना?"

"लाल आहे," काटामावशी म्हणाली, आणि काचेचं दार उघडेपर्यंत दोन्ही मुठींनी ठोकत राहिली.